टीव्ही आला, आता पाठ कसा घ्यायचा?

गेल्या दोन महिन्यांत या सदरासाठी आलेल्या पत्रांत सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील पत्रे अधिक होती आणि त्यांतली बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरत होती : प्राथमिक शाळेच्या वर्गात टीव्ही, टॅब किंवा शिक्षकाचा स्वतःचा मोबाइल येऊन पोहोचला आहे, त्याचे आता करायचे काय? मी जिल्हा परिषदेच्या शाळांत ३३ वर्षे काढली, त्यांपैकी शेवटची ९ वर्षे केंद्रप्रमुख (शाळांच्या एका गटाचा प्रमुख) म्हणून. त्यामुळे संगणक कक्षाच्या कुलपाची किल्ली हरवण्यापासून ते फळ्याशेजारी मोठा पडदा लागण्यापर्यंतचा सगळा काळ जवळून पाहिला आहे. आलेल्या पत्रांतून सहा निवडली आहेत. काही पत्रे चार-चार पाने लांब असल्याने प्रश्न थोडक्यात दिले आहेत आणि पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमची शाळा डोंगरावरच्या वाडीत असून द्विशिक्षकी आहे. पहिली आणि दुसरीचे वर्ग मी एकत्र सांभाळते. मुंबईला असलेल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून शाळेला ४३ इंची टीव्ही दिला. मुले अगदी शांत बसून पाहतात, पण दुसऱ्या दिवशी विचारले तर काहीच सांगता येत नाही. माझे काय चुकते? (एक शिक्षिका, पाटण तालुका)

उत्तर : बाई, मुले शांत बसतात हेच आपण यशाचे लक्षण मानले असावे, आणि त्यात आपला दोष नाही, कारण दोन वर्ग एका खोलीत सांभाळणाऱ्या माणसाला शांततेची किती किंमत असते ते मला ठाऊक आहे. परंतु पहिली-दुसरीचे मूल शिकत असते तेव्हा ते सहसा शांत नसते. ते बोटाने दाखवते, शेजाऱ्याला ढोसते, चुकीचे उत्तर मोठ्याने देते. टीव्हीसमोरची शांतता ही पुष्कळदा पाहण्याची शांतता असते आणि पाहिलेले तेवढ्यापुरते राहते.

जावळी तालुक्यातील एका शाळेत मी तपासणीसाठी गेलो असताना तिसरीच्या वर्गात जलचक्राची चित्रफीत चालू होती. ११ मिनिटांची ती फीत संपल्यावर बाईंनी विचारले, “काय पाहिले?” थोडा वेळ कोणी बोलेना. मग एका मुलाने हात वर करून सांगितले, “सूर्यानं गॉगल घातलावता.” सगळा वर्ग हसला आणि बाईंचा चेहरा उतरला. मात्र त्या बाई जिद्दीच्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम थांबवून घेतले आणि तीच फीत पुन्हा लावली, या वेळी आवाज बंद करून. समुद्रावरून निळे बाण वर जातात त्या चित्रापाशी त्यांनी फीत थांबवली आणि विचारले, “हे बाण कशाचे?” पहिले उत्तर आले, “उलटा पाऊस.” दुसरे आले, “धूर.” तिसऱ्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “बाई, आपल्या खिचडीच्या पातेल्याच्या झाकणाला बी असंच पाणी असतंय.” बाईंनी लगेच पोषण आहाराच्या खोलीतून ते झाकण मागवले. झाकणाच्या आतल्या बाजूला लोंबणारे थेंब प्रत्येक मुलाने बोटाने पुसून पाहिले, आणि त्यानंतर बाईंनी फीत आवाजासह, फक्त दोन मिनिटे, परत दाखवली. तो पाठ पस्तीस मिनिटे चालला आणि त्यात पडदा जेमतेम पाच मिनिटे चालू होता.

मला या विषयात जे सांगायचे आहे ते जवळजवळ सगळे त्या झाकणात आहे. टीव्हीच्या रिमोटवरचे सर्वांत उपयोगी बटण थांबवण्याचे आहे. शिक्षणातील दृक्श्राव्य साधनांवर अनेक वर्षे प्रयोग करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनीही हेच वेगळ्या भाषेत मांडले आहे : आशय लहान तुकड्यांत दिला आणि पुढे जाण्याचा वेग शिकणाऱ्याच्या हाती राहिला तर तो अधिक समजतो, आणि विषयाशी संबंध नसलेली सजावट, संगीत व गमतीची चित्रे त्यात भर घालण्याऐवजी लक्ष पळवतात. सूर्याचा गॉगल म्हणजे नेमकी हीच सजावट. म्हणून फीत निवडताना ती किती रंगीत आहे हे पाहू नका. ती कुठे थांबवता येईल आणि थांबवल्यावर कोणता प्रश्न विचारता येईल ते आधी पाहा. दोन थांबे सापडले नाहीत तर ती फीत वर्गात नेऊ नये.

आता आपल्या पत्रात न लिहिलेल्या, पण मला दिसणाऱ्या एका मोहाविषयी. दोन इयत्ता एकत्र असल्या की पहिलीला टीव्हीसमोर बसवून दुसरीला शिकवावे असे वाटणे साहजिक आहे. याबाबत गुजरातमधील दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. बडोद्याच्या महानगरपालिका शाळांना सरकारकडून संगणक मिळाले होते, पण मुलांच्या वापरात ते फारसे नव्हते. तिथे ‘प्रथम’ नावाच्या संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून २ तास, दोघांत एक संगणक याप्रमाणे गणिताचे खेळ दिले. मुलाला जमेल तसा खेळ सोपा किंवा अवघड होत जाई. पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी व एस्तेर दुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या मुलांचे गणित चांगलेच सुधारल्याचे दिसले. अर्थात उपक्रम संपल्यावर वर्षभरात त्या लाभातला बराचसा भाग ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे. दुसरा अभ्यास लिंडेन या अर्थशास्त्रज्ञाने २००८ मध्ये मांडलेला. त्यात संगणकाचे तास शाळेच्या नेहमीच्या अध्यापनाच्या जागी ठेवले तेव्हा मुले नेहमीपेक्षा कमी शिकली, आणि तेच तास शाळेच्या वेळेबाहेर जोड म्हणून दिले तेव्हा त्यांचा फायदा झाला. म्हणजे यंत्र तेच, खेळ तेच. शिक्षकाच्या जागी बसवले की तोटा आणि शिक्षकाच्या बरोबरीने चालवले की लाभ.

म्हणून माझी सूचना अशी की आपण टीव्ही दोन्ही इयत्तांसाठी एकदमच लावावा. एखादी चित्रकथा किंवा गाणे चार-पाच मिनिटे सगळ्यांनी मिळून पाहावे, दोनदा थांबावे, बोलावे आणि मग पडदा पूर्ण बंद करून काम वेगळे करावे : पहिलीच्या मुलांनी गोष्टीतले एक चित्र काढून त्याविषयी तोंडी सांगावे, दुसरीच्या मुलांनी तीन वाक्ये लिहावीत. पहिलीची मुले चित्रात रमलेली असताना आपल्याला दुसरीच्या वह्यांपाशी बसता येते. पडद्याने आपली जागा घ्यायची नाही, आपल्याला दहा मिनिटांची उसंत मिळवून द्यायची, एवढेच काम त्याच्याकडून घ्यावे.

प्रश्न : पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड वर्गात स्कॅन केला की गोल फिरत राहते आणि तास संपतो. हे कोड नक्की कितपत उपयोगाचे आहेत? (नवनियुक्त शिक्षक, कराड तालुका)

उत्तर : उपयोगाचे आहेत, परंतु वर्गात उभे राहून स्कॅन करण्यासाठी नव्हेत. हे कोड केंद्र सरकारच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या ऑनलाइन मंचावरील आशयाकडे नेतात आणि त्याच्या ॲपमध्ये बहुतेक आशय उतरवून ठेवण्याची सोय आहे. रविवारी घरी किंवा चांगली रेंज असलेल्या ठिकाणी पुढच्या आठवड्यातील पाठांचे कोड स्कॅन करावेत, दुवा चालू आहे का ते पाहावे, स्वतः एकदा संपूर्ण पाहावे आणि ठेवण्यासारखे असेल तेवढेच उतरवून घ्यावे. सगळे कोड सारख्या दर्जाचे नाहीत, हे आपल्या लवकरच ध्यानात येईल. पुस्तकात कोड चिकटवण्याची ही वाट रणजितसिंह डिसले यांनी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत चोखाळली होती, आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा त्या कामाची जगभर चर्चा झाली. त्यांनी आपल्या वर्गातील मुलांसाठी लागेल तो आशय स्वतः जोडला होता, ही गोष्ट मात्र त्या चर्चेत मागे पडली. आपणही तसे करू शकता. स्वतःच्या आवाजात वाचलेली कविता फोनमध्ये असेल तर तिला ना रेंज लागते ना कोड.

प्रश्न : शालेय व्यवस्थापन समितीने लोकवर्गणीतून २ लाख रुपये जमवले आहेत. चार वर्ग मिळून ५४ मुले आहेत. स्पर्शाने चालणारा मोठा पॅनेल घ्यावा, की प्रत्येक मुलाला टॅब द्यावेत, यावरून गावात दोन तट पडले आहेत. (समितीचे अध्यक्ष, माण तालुका)

उत्तर : अध्यक्ष महोदय, दुष्काळी पट्ट्यातील गावाने शाळेसाठी एवढी रक्कम उभी केली, यातच निम्मे काम झाले आहे. उरलेले निम्मे काम घाई न करण्याचे आहे.

प्रथम आपल्या वर्गखोलीचे माप घ्या. पडद्याची जितकी उंची असेल त्याच्या साधारण सहा पटींपेक्षा लांब बसलेल्याला त्यावरील अक्षर नीट वाचता येत नाही, असा एक ठोकताळा दृक्श्राव्य साधने बसवणारे वापरतात. ४३ इंची टीव्हीची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर असते, म्हणजे सव्वातीन मीटरच्या पलीकडचे मूल फक्त चित्रे पाहते. ६५ इंची पडद्याची उंची सुमारे ८१ सेंटिमीटर असते आणि त्याची मर्यादा पावणेपाच मीटरच्या थोडी पुढे जाते. याचा अर्थ मोठाच पडदा घ्यावा असा नाही. सतरंजीवर मुलांना पुढे ओढून बसवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे आणि आपल्याकडच्या शाळांत तो सहज जमतो. प्रक्षेपक (प्रोजेक्टर) घेण्याचा विचार कोणी मांडला असेल तर दुपारी बारा वाजता, खिडक्या उघड्या ठेवून, तुमच्याच वर्गात तो लावून दाखवायला सांगा. माणच्या उन्हात अनेक प्रक्षेपक फिके पडतात आणि खिडक्यांना काळे कापड लावून जूनमध्ये मुलांना कोंडून ठेवणे बरे नव्हे.

प्रत्येक मुलाला एक यंत्र या कल्पनेचे आकर्षण जुने आहे. प्रत्येक मुलाला स्वस्त लॅपटॉप देण्याच्या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील एक पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यातील खैरात या छोट्या गावी झाला होता. पेरू देशाने ती योजना सर्वांत मोठ्या प्रमाणावर राबवून लाखो लॅपटॉप वाटले, आणि तेथील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा गणित व भाषेच्या चाचण्यांत त्या वाटपाचा काहीही परिणाम आढळला नाही. मुलांना यंत्र हाताळता येऊ लागले, हे खरे. पण वाचन आणि गणित यंत्र हाती आल्याने आपोआप येत नाही. ५४ टॅबपेक्षा ८ ते १० टॅब घेऊन ते दोघा-तिघांत एक असे आळीपाळीने सर्व वर्गांत फिरवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. दोन मुले एका टॅबवर बसली की वाद घालतात, आणि गणितात वाद घालणे हे शिकण्याचेच एक रूप आहे.

खरेदीपूर्वी तीन कामे करावीत. शाळेचे वायरिंग आणि अर्थिंग चांगल्या तारतंत्रीकडून तपासून घ्यावे. शेतीपंपांच्या वेळात दाब वरखाली होणाऱ्या भागात याशिवाय कोणतेही यंत्र दोन पावसाळे काढत नाही. रकमेचा पाचवा हिस्सा तरी दुरुस्ती, बॅटरी आणि वीजबिलासाठी बाजूला ठेवावा. आणि विक्रेत्याला लेखी विचारावे की इंटरनेट नसताना यातले काय चालते आणि एका वर्षानंतर काय चालते. हा शेवटचा प्रश्न मी माझ्या केंद्रातील एका शाळेसाठी विचारला नव्हता. संच सुरेख होता, इयत्तावार पाठ भरलेले होते, मुले खूश होती. तेरावा महिना लागला आणि पडद्यावर नूतनीकरणाच्या शुल्काची पाटी झळकली. आशय वर्षभराच्या परवान्यावर दिलेला होता, हे बिलाच्या मागे बारीक अक्षरात छापलेले निघाले. गावासमोर मला मान खाली घालावी लागली. युनेस्कोने २०२३ मध्ये शिक्षणातील तंत्रज्ञानावर काढलेल्या जागतिक अहवालात, या साधनांच्या परिणामकारकतेचे बरेचसे पुरावे ती विकणाऱ्यांकडूनच येतात असे म्हटले आहे. तो अहवाल त्या वेळी निघालेला असता तर मी निदान बिल उलटून पाहिले असते.

मुक्त आणि विनाशुल्क आशय आज पुष्कळ आहे. बालभारतीची पुस्तके संगणकावर मोफत उतरवून घेता येतात. चौथी-पाचवीच्या अपूर्णांकांसाठी कोलोराडो विद्यापीठाची ‘फेट’ नावाची हलती प्रतिरूपे मराठीतही आहेत. त्यात मूल पट्टीचे तुकडे स्वतः ओढून सारखे अपूर्णांक जुळवते. विकत घ्यायचे ते यंत्र घ्या, धडे विकत घेण्याची घाई करू नका.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर रोज संध्याकाळी चित्रफिती आणि गृहपाठ येतो. अभ्यासाच्या निमित्ताने फोन तासभर तिच्या हातात राहतो आणि काढून घेतला की रडारड होते. किती वेळ योग्य समजावा? (एक पालक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : करोनाकाळात शाळा बंद असताना केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ या नावाने मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. पहिली ते आठवीसाठी ऑनलाइन वर्ग असतील त्या दिवशी प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त २ सत्रे, एवढी मर्यादा त्यांत घातली होती. ती शाळाच फोनवर भरत होती तेव्हाची गोष्ट. आता मुलगी दिवसाचे पाच-सहा तास शिक्षकांसमोर बसून येते, तेव्हा घरी अभ्यासासाठी फोनची गरज त्याच्या कितीतरी आत बसली पाहिजे. दुसरीच्या मुलीला गृहपाठ फोनवरून वहीत उतरवावा लागत असेल तर तो फळ्यावरून वहीत उतरवून घरी यावा, अशी लेखी विनंती आपण वर्गशिक्षकांना करा. चार पालकांनी मिळून केली तर ती सहसा मान्य होते. चित्रफीत पाहायचीच असेल तर फोन आपल्या हातात ठेवून शेजारी बसून पाहावी आणि संपल्यावर तिने आजीला ती सांगावी. आजीला कळले नाही तर तिने पुन्हा सांगावे. आजीला कळले तरी कळले नाही म्हणायला सांगून ठेवा. त्यानंतर उजेड असेपर्यंत तिला बाहेर खेळू द्या. लहान वयात मोकळ्या उजेडात घालवलेला वेळ जवळचेच दिसण्याचा दोष टाळायला मदत करतो, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे.

आपण विचारलेले नाही, तरी आणखी एक गोष्ट. अशा गटांवर मुलांची छायाचित्रे, गुणपत्रके, कधीकधी आधार क्रमांकाच्या याद्याही सर्रास फिरतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यास पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कायद्याची भीती घालून शाळेशी भांडावे असे मी सुचवत नाही. मात्र वर्गातील मागे पडलेल्या मुलाच्या उत्तरपत्रिकेचे छायाचित्र साठ घरांत जाऊ नये, एवढे सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : माझ्या वर्गातील बहुतेक मुले घरी कन्नड बोलतात, पुस्तक मराठीत आहे. मराठी चित्रफिती लावल्या तरी त्यांना अर्थ लागत नाही. तंत्रज्ञानाचा काही उपयोग होईल का? (एक शिक्षक, जत तालुका)

उत्तर : गुरुजी, आपले पत्र मी तीनदा वाचले, कारण सीमेवरच्या शाळेत मी स्वतः दोन वर्षे काढली आहेत आणि तिथली पहिली फजिती अजून आठवते. मुलांना मी म्हणालो, “आमचे मळे असे एक चित्र काढा.” मला ऊस, विहीर, बैल अपेक्षित होते. वहीमागून वही पाहतो तो सगळीकडे ढग आणि तिरप्या रेघा. कन्नडमध्ये ‘मळे’ म्हणजे पाऊस, हे मला मुलांनी त्या दिवशी शिकवले. त्या मुलांनी चूक केली नव्हती. त्यांनी माझे वाक्य आपल्या भाषेत अगदी अचूक समजून घेतले होते.

होय, तंत्रज्ञानाचा उपयोग होईल आणि कदाचित इतर कोणत्याही वर्गापेक्षा आपल्या वर्गात अधिक होईल. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मुलांच्या सचित्र गोष्टी मुक्त परवान्याखाली ठेवलेल्या आहेत आणि त्यांतल्या अनेक गोष्टी मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत, त्याच चित्रांसह मिळतात. एक गोष्ट दोन्ही भाषांत उतरवून घ्या. पहिल्या दिवशी ती कन्नडमध्ये वाचली जावी. आपल्याला कन्नड वाचता येत नसेल तर एखाद्या मुलाच्या मोठ्या बहिणीला किंवा अंगणवाडी ताईंना बोलवा आणि त्यांचे वाचन फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. दुसऱ्या दिवशी तीच चित्रे दाखवून गोष्ट मराठीत सांगा. गोष्ट आधीच माहीत असल्याने मुलांचे सगळे लक्ष आता फक्त शब्दांवर राहते. तिसऱ्या दिवशी मुलांनी चित्राखाली दोन्ही भाषांतले शब्द लिहून भिंतीवर लावावेत. ‘मळे’ हा शब्द दोन्ही स्तंभांत आल्यावर जी गंमत होईल ती मुलांना पुरून उरेल.

चित्रफितीच दाखवायच्या असतील तर गाण्यांच्या दाखवा आणि खाली त्याच भाषेतील ओळी उमटत असतील अशा निवडा. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत हे काम सुरू करणारे ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून हाच विचार लावून धरला आहे, की गाणे ऐकता ऐकता त्याच भाषेतील शब्द डोळ्यांसमोरून गेले तर वाचनाचा सराव नकळत होतो. चाल मुलांना पाठ असते, त्यामुळे पुढचा शब्द काय येणार हे त्यांना आधीच माहीत असते आणि डोळा तो शब्द शोधत पुढे जातो.

तिसरे साधन आपल्या खिशातच आहे : फोनमधील ध्वनिमुद्रक. महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाचे एक मिनिटाचे वाचन ध्वनिमुद्रित करा आणि लगेच त्यालाच ऐकवा. माझ्या वर्गात चौथीतला एक मुलगा होता, जो प्रत्येक शब्दावर अडखळे आणि अडखळतो हे मात्र मान्य करत नसे. “पा… पाऊ… स आला” हा स्वतःचा आवाज कानाला लावून ऐकताना तो आधी हसला, मग गंभीर झाला, आणि फोन खाली न ठेवता म्हणाला, “गुरुजी, परत घ्या, ह्यो न्हाई चांगला झाला.” त्या दिवशी तेच वाक्य त्याने सात वेळा वाचले. मी सांगून त्याने ते दोनदाही वाचले नसते. ही मुद्रणे कोणत्याही गटावर टाकू नयेत. मूल, आपण आणि पालक सभेत त्याची आई, एवढ्यांनीच ती ऐकावीत. जुलैचे आणि जानेवारीचे वाचन एकामागोमाग ऐकवले की वर्षभरात काय झाले हे निरक्षर आईलाही कळते. प्रगतिपुस्तकातील श्रेणी तिला तेवढे सांगत नाही.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे असे उद्दिष्ट ठेवले आहे. आपल्या वर्गात त्या ‘समजून’ या शब्दाला कन्नडमधून जावे लागणार, हे तपासणीला येणाऱ्यांना आपण मोकळेपणाने सांगावे. नव्या शैक्षणिक धोरणानेही सुरुवातीच्या वर्गांत घरच्या भाषेला स्थान दिले आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. पाटी गेली, पाढे गेले, वळणदार अक्षर गेले. हे पडदे म्हणजे नसती थेरं आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण त्यांची भलामण का करता? (एक वाचक, वाई)

उत्तर : सर, आपले निम्मे मत मला मान्य आहे. अक्षर हाताने गिरवल्याशिवाय ते डोळ्यांत बसत नाही, म्हणून पहिली-दुसरीत पाटी आणि वही यांना पर्याय नाही. टॅबवर बोटाने काढलेला ‘क’ खडूच्या घर्षणातून उमटलेल्या ‘क’सारखा हाताला आठवत नाही, हे मीही पाहिले आहे. पाढ्यांच्या बाबतीतही तेच. ते तोंडाने, तालावर आणि सर्वांनी मिळूनच पाठ होतात.

उरलेल्या निम्म्या मताविषयी एक आठवण करून देतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी आपल्याच वाईत बसून ज्या मराठी विश्वकोशाचे संपादन केले, त्याचे जाड खंड वाडीवरच्या शाळेत कधीच पोहोचले नसते. आज तोच विश्वकोश महाजालावर विनामूल्य खुला आहे. पाटणच्या डोंगरातील शिक्षिकेला उद्याच्या पाठासाठी ‘बाष्पीभवन’ ही नोंद रात्री फोनवर वाचता येते, ती वर्गात पडदा लावो अथवा न लावो. प्राथमिक शिक्षणात तंत्रज्ञानाचा सर्वांत निर्धोक उपयोग मुलांसमोर होण्याआधी शिक्षकाच्या तयारीत होतो, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे.

आणि एक विनंती. पावकी, निमकी, दिडकी हे पाव, अर्धा, दीड यांचे पाढे चालीवर म्हणता येणारी आपली पिढी आता थोडी उरली आहे. तरुण शिक्षकांपैकी अनेकांनी हे पाढे कधी ऐकलेलेही नाहीत. जवळच्या शाळेतील एखाद्या शिक्षकाला घरी बोलवा आणि ते आपल्या आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्यायला सांगा. एका वेळी एकच पाढा घ्या, प्रत्येक ओळीनंतर मुलांना मागून म्हणता येईल एवढी जागा सोडा, आणि मुद्रण चालू असताना डोक्यावरचा पंखा बंद ठेवा, नाहीतर वर्गात फक्त त्याचीच घरघर ऐकू येते.